दोन्ही बाजूंची पाहुणी

मी एक पिवळी बंडी बोलतेय. फुटबॉलच्या सरावात शर्टावरून घालतात ना, बिनबाह्यांची, दोन्ही कुशींना इलॅस्टिकची पट्टी असलेली, ती. खेळाडू मला बिब म्हणतात. पण ज्या काकूंनी मला इतकी वर्षं धुतलं त्या बंडीच म्हणायच्या, म्हणून मीही स्वतःला बंडीच म्हणते.

आत्ता मी एका अनोळखी ड्रेसिंग रूममध्ये खुंटीला लटकलेय. इथे सगळं चकचकीत आहे. फरशीत तोंड दिसतं, नळ पिळावा लागत नाही, नुसता हात पुढे केला की पाणी येतं. शेजारच्या खुंट्यांवर नव्या कोऱ्या जांभळ्या बंड्या आहेत, छापील नंबरांच्या. माझ्याकडे बघून त्या नाक मुरडतायत. मुरडू देत. मला सवय आहे त्याची.

आमची पोरगी तोंडावर पाणी मारायला गेलीय. तिचा आज इथे पहिला दिवस. ती येईपर्यंत मला वेळ आहे, तेवढ्यात सांगते.

माझा जन्म एका शिवणकामाच्या कारखान्यातला. डझनभर नारिंगी बंड्यांची ऑर्डर होती आणि शेवटच्या बंडीला कापड पुरेना. शिवणाऱ्या बाईंनी मुकादमाला हाक मारली. तो आला, त्यानं कोपऱ्यातला पिवळा तुकडा उचलून त्यांच्यापुढे टाकला.

"ह्याची शिवा."

"अहो, पण बाकीच्या नारिंगी आहेत."

"घामानं भिजल्या की सगळ्या सारख्याच दिसतात," मुकादम म्हणाला आणि जेवायला गेला.

अशी मी जन्माला आले, आणि नारिंगी बहिणींच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली बसून क्लबात पोचले. क्लब म्हणजे बस डेपोच्या मागचं मैदान, दोन खोल्या आणि एक मोरी. मोरीत कपडे धुणं, खोलीतलं सामान सांभाळणं आणि सगळ्यांना चहा पाजणं ही तिन्ही कामं काकूंची. गठ्ठा सोडल्यावर त्यांनी मला दोन बोटांत धरून उंच केलं.

"हे काय ध्यान पाठवलंय, सर?"

सर म्हणजे क्लबचे प्रशिक्षक. जुने गोलकीपर, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, तोंडात कायम आगकाडी. बोलायला पैसे पडतात असं वाटावं इतके कमी बोलायचे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "राहू दे. परत पाठवायचा कंटाळा येतो."

तर मी राहिले ती कोणाच्या प्रेमामुळे नाही, कंटाळ्यामुळे. बहिणी रोज मैदानात जायच्या. मी कधी खिडकीचा मोडका कडीकोयंडा बांधायला, कधी मैदानावर रेषा आखायचं चुन्याचं मशीन पुसायला, आणि बराच काळ काकूंच्या गरम पातेल्याखाली. माझ्या पोटावर अजून त्या पातेल्याचा गोल डाग आहे. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, खूप वाईट वाटायचं.

मग एका संध्याकाळी सरावाला मुली विषम आल्या. हा क्लब बायकांचा, सगळ्या नोकरी-धंद्यातून सुटून येणाऱ्या, त्यामुळे कोण कधी येईल याचा भरवसा नाही. निम्म्या नारिंगीत, निम्म्या साध्या शर्टात, आणि एक उरली. दोन्हीकडच्या म्हणायला लागल्या, ती आम्हाला द्या. मासळीबाजार झाला नुसता. सर खोलीत आले, पातेलं उचललं, मला झटकलं आणि त्या उरलेल्या मुलीच्या अंगावर टाकलं.

"बॉल ज्यांच्याकडे, तू त्यांची. बॉल तिकडे गेला की तू तिकडची. दोनदा पाय लागला की बॉल सोडायचा. गोल मारायचा नाही."

"मग मी नक्की कोण, सर?" तिनं विचारलं.

गोलपोस्टमधून आमची गोलकीपर ओरडली, "पाहुणी!"

झालं. त्या दिवसापासून क्लबात पिवळी घालणारीला पाहुणी म्हणायला लागले. "आज पाहुणी कोण?" "पाहुणीला बसायला द्या!" असा दंगा चालायचा, आणि सराव संपला की मैदानावर खुणेला मांडलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या गोळा करायला हीच पाहुणी. पाहुणचाराची अशी रीत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

माझ्या वाट्याला कोण यायच्या सांगू? दुखापतीतून उठलेल्या, बाळंतपणानंतर पहिल्यांदा धावायला आलेल्या, आणि ज्यांना कुठे बसवावं हे सरांना कळत नसे त्या. पण अंगावर बसल्यामुळे मला माणसं आतून कळायला लागली. बाहेरून दांडगी दिसणारी एखादी दोन फेऱ्यांत धापा टाकते, आणि काडीपैलवान वाटणारीचं काळीज शेवटपर्यंत एका लयीत चालतं. कोणाचा राग मानेतून येतो, कोणाचा पोटातून. भीती मात्र सगळ्यांची एकाच जागी असते, बरगड्यांच्या खाली. तिथली माझी शिवण भिजली की मी ओळखायचे.

आणि मग भिंगरी आली.

खरं नाव असेल काहीतरी, पण पहिल्याच दिवशी तिघींच्या मधून बॉल घेऊन ती अशी गरकन फिरून निघाली की त्या तिघी एकमेकींवर आपटल्या. तेव्हापासून भिंगरीच. बारीक चणीची, केस कापलेले, नाकाच्या शेंड्यावर राग. बॉल तिच्या पायाला चिकटलेला असायचा. सरांच्या तोंडातली आगकाडी त्या दिवशी खाली पडली. काकू चहा उतू जाईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

पण ती कोणाला बॉल देईना.

आमची कप्तान होती ताई. डेपोतली बस ड्रायव्हर, धिप्पाड, आवाज हॉर्नसारखा. पायात कला म्हणाल तर शून्य, पण फुप्फुसं इंजिनाची. ताई पूर्ण सामना धावायची, मोकळ्या जागेत जाऊन हात वर करायची, आणि भिंगरी तिच्या बाजूनं दुसरीकडे बघत निघून जायची. ताई पुन्हा मागे यायची, पुन्हा धावायची. मला बघवायचं नाही.

हे फुटलं ते एका रविवारी. राखीव मुलींनी बाकावर बंड्या घालायच्या असतात, त्यामुळे मी एकीच्या अंगावर बसून सगळं पाहिलं. बरोबरी होती, वेळ संपत आलेली. भिंगरीनं चौघींना गुंडाळलं. उजवीकडे ताई एकटी, समोर उघडा गोल. बाकावरच्या सगळ्या उभ्या राहून ओरडल्या, "दे! दे!" भिंगरीनं नाही दिला. स्वतः मारला, तो पोस्टला लागला, परत आला, आणि समोरच्यांनी तोच बॉल पळवत नेऊन आमच्यावर गोल केला. भिंगरी तिथेच कमरेवर हात ठेवून उभी. मागे धावलीसुद्धा नाही.

ड्रेसिंग रूममध्ये काकूंनी चहाचे कप मांडले, ते तसेच राहिले.

"मी मोकळी होते," ताई म्हणाली.

"दिसली नाहीस."

"एवढं हे धूड तुला दिसलं नाही?"

एकीला हसू फुटलं. भिंगरीचा चेहरा लाल झाला. "दिसलीस. पण तू आकाशात मारला असतास."

तसं ते खरंही होतं, ताईचे फटके डेपोच्या छपरावर जायचे ते काही उगाच नाही. पण खरं असलं म्हणून काय कुठेही बोलायचं?

ताई उठून उभी राहिली. "मारला असता तर मारला असता! दिवसभर बस चालवून येते मी. तुझ्यासाठी रिकामी धावायची मला काय हौस आहे?"

भिंगरीनं पायातला बूट काढला आणि भिरकावला. तो बादलीला लागला आणि पाणी सगळीकडे झालं. सर इतका वेळ दाराशी उभे होते. त्यांनी बादली सरळ केली.

"मंगळवारपासून तू पाहुणी."

"मी?" भिंगरीचा आवाज चिरकला. "किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत."

"आणि मॅच?"

"तेही मी सांगेन." मग एवढं बोलून थकल्यासारखे सर बाकावर बसले. "मोसमाच्या शेवटच्या मॅचला मोठ्या क्लबच्या मॅडम येणार आहेत. तुला बघायला. मीच बोलावलंय."

भिंगरीच्या हातातला दुसरा बूट खाली आला. मोठा क्लब म्हणजे काय हे मलाही माहीत होतं. तिथे खेळायचा पगार मिळतो. तिथे गेलेल्या मुलीला दुसरं काम करावं लागत नाही.

"मग मला गोल मारू द्या ना, सर! पाहुणी होऊन काय दाखवू त्यांना?"

"तुझे गोल त्यांनी ऐकलेत," सर म्हणाले. बस, एवढंच.

मंगळवारी तिनं मला अंगात घातलं ते उलटं. मुद्दाम. दोनदा पाय लागला की बॉल सोडायचा, आणि तिचे पाय तर सुरुवातच चौथ्या वेळेपासून करायचे. सरांची शिट्टी वाजत राहिली. तिचं काळीज माझ्याखाली असं धडधडत होतं की माझ्या टाक्यांना हादरे बसत होते. सराव संपल्यावर तिनं मला ओरबाडून काढलं, मैदानाच्या कडेच्या चिखलात टाकलं आणि वरून पाय दिला.

काकू चहाचं भगुलं हातात घेऊन तरातरा आल्या. "तिचा काय दोष गं? तिनं शिट्टी वाजवली का?"

इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं कोणी पहिल्यांदा बोललं. चिखलात पडले होते, तरी बरं वाटलं.

"धू आता," काकू म्हणाल्या. "तूच धू."

मोरीत साबण लावताना भिंगरी आधी मला आपटत होती. मग आपटणं कमी झालं. मग नुसतीच चोळायला लागली, पातेल्याचा तो जुना डाग जाईल म्हणून. काकू शेजारी बसून मोजे पिळत होत्या.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या. "त्या ताईशी तुझं काही वाकडं आहे का?"

"नाही हो. चांगली आहे ती."

"मग देत का नाहीस तिला?"

भिंगरी डाग चोळत राहिली. "मला भाऊ आहेत. सगळे मोठे. गल्लीत खेळायचे, मला घ्यायचे नाहीत. कधी घेतलंच तर, त्यांना बॉल दिला की गेला. परत यायचाच नाही. मी नुसती उभी. मग मी द्यायचंच सोडलं."

"अगंबाई. मग खेळायला शिकलीस कोणाबरोबर?"

"भिंतीबरोबर. भिंत परत देते."

काकूंनी मोजा पिळायचा थांबवला. मला वाटलं आता काहीतरी शहाणपणाचं बोलतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "कुशीचा साबण नीट काढ, नाहीतर खाज येते."

पुढच्या दिवसांत एक गंमत मी हळूहळू पाहिली. पाहुणीला सगळे हाका मारतात. ज्यांच्याकडे बॉल, त्यांची ती जास्तीची माणूस, त्यामुळे तिच्यावाचून कोणाचं पान हलत नाही. "पाहुणी, इकडे!" "पाहुणी, मागे!" आजवर मैदानात तिच्या नावानं लोक फक्त चिडून ओरडायचे. आता दोन्हीकडून बोलावणी. पहिल्यांदा तिला तेही टोचायचं. मग एके दिवशी हाक ऐकून तिचं काळीज किंचित पुढे सरकलेलं मला जाणवलं, बोलावल्यावर आपण सरकतो तसं.

त्याच आठवड्यात ती गोष्ट झाली. भिंगरीनं ताईला बॉल दिला. नाइलाजानं, दोनदा पाय लागला होता म्हणून. दिला आणि सवयीनं पाठ फिरवून चालायला लागली, गेला तो गेला अशी. आणि धप्प! बॉल तिच्या पाठीत बसला. म्हणजे माझ्या पाठीत. चांगलाच लागला.

भिंगरी गर्रकन वळली, डोळ्यांत अंगार. "कोणी मारला?"

"मारला काय?" ताई हात पसरून उभी. "परत दिला ना! तू मोकळी होतीस!"

गोलकीपर हसून हसून खाली बसली. सगळ्याच हसत होत्या. भिंगरी मात्र पायापाशी आलेल्या बॉलकडे बघत राहिली. बरगड्यांखालची माझी शिवण, जी रोज भिजायची, ती त्या वेळी कोरडी होती. त्या दिवशी मी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं, पण पोरगी तिथेच बदलायला लागली.

एकदम नाही हं. राग काही कपड्यावरचा डाग नाही, की घासला आणि गेला. तिनं पुढेही दोनदा मला फेकलं. पण धुतलंही तिनंच.

दुसरी एक अडचण मात्र फक्त मला माहीत होती. पाहुणीला विसावा नसतो. बॉल इकडून तिकडे गेला की बाकीच्या क्षणभर दम खातात, पाहुणीला लगेच बाजू बदलून धावायचं असतं. आणि भिंगरीचा दम अर्ध्या तासात संपायचा. आधीही संपायचा, पण तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि लोक म्हणायचे, काय हा माज! माज कसला? पोटात काही नसायचं तिच्या.

एका संध्याकाळी ती धावता धावता मैदानातच बसली. डोळ्यांपुढे अंधारी. सगळ्यात आधी पोचली ती ताई.

"काय खाल्लंस आज?"

"पाव."

"कधी?"

"सकाळी."

"आणि झोप?"

मग निघालं की ती एका बेकरीत पहाटेपासून पीठ मळते, भट्टीत ट्रे सारते, दुपारी पावांच्या गाडीवर जाते आणि तिथून थेट मैदानात येते. शिवणीत मला रोज पीठ सापडायचं ते त्यामुळे.

"सरांना का नाही सांगितलंस?"

"दमते म्हणून बसवतील की मला."

"आत्ता काय तू उभी आहेस?" ताई म्हणाली.

भिंगरीला हसू आलं. मग रडू आलं. मग दोन्ही. ताईनं माझ्याच टोकानं तिचं नाक पुसलं. मला विचारलं नाही, पण मी हरकत घेतली नसती.

दुसऱ्या दिवशीपासून ताईच्या डब्यात दोन उकडलेली अंडी जास्तीची यायला लागली. गाडीवरची फेरी भिंगरीनं मालकाला सांगून कमी करून घेतली, पगार थोडा तुटला तरी. आणि सरांनी, काही न बोलता, सामानाच्या खोलीत एक गादी टाकली. सरावाआधी ती तिथे झोपायची आणि उशाला आम्ही, सगळ्या बंड्यांची घडी. मी वर असायचे. तिच्या केसांना पावाचा वास यायचा.

मोसमाची शेवटची मॅच आली. मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून एक करड्या केसांच्या मॅडम बसल्या. सर्वांनी ओळखलं. आणि सरांनी संघ सांगितला त्यात भिंगरी नव्हती.

तिनं मला अंगात घातलं, बाकावर बसली आणि सरांकडे न बघता म्हणाली, "मॅडम आल्यात, सर."

"दिसल्यात मला."

"आणि मला बसवताय?"

तिचा राग मानेतून वर चढत होता, मला माझ्या गळ्यापाशी तो लागत होता. सरांनी आगकाडी तोंडातून काढली. "तुझ्यात आज अर्धा तास आहे. चांगला अर्धा तास आहे. त्यांना वाईट दीड तास दाखवू का?"

भिंगरी गुडघ्यांमध्ये हात घालून बसली. बसल्या बसल्या बूट आपटत होती, पण बसली.

हाफटाइमला आम्ही एका गोलनं मागे होतो. मॅडमनी घड्याळ बघितलं, उठल्या आणि खुर्ची घडी करायला लागल्या. तेवढ्यात काकू लगबगीनं गेल्या आणि मॅडमच्या हातात काठोकाठ भरलेला, वाफाळता कप दिला. "घ्या हो, खास केलाय. सावकाश प्या, फार गरम आहे." आता असा कप हातात घेऊन माणूस खुर्ची कशी उचलणार? मॅडम पुन्हा बसल्या. काकू माझ्याकडे बघून हसल्या नाहीत, पण मला तसं वाटलं.

शेवटचा अर्धा तास उरला तेव्हा सरांनी अखेर मान हलवली. भिंगरीनं मला काढलं. फेकलं नाही. सरांच्या हातात दिलं आणि धावली. पुढचा अर्धा तास मी सरांच्या मुठीत होते आणि धुण्याच्या पिळासारखी पिळली जात होते.

काय खेळली हो! दोनदा पाय, की बॉल सुटला. परत आला, की पुन्हा सुटला. समोरच्यांना कळेना कोणाला धरावं. आणि मग तसंच झालं. तसंच अगदी. भिंगरीपुढे तिघी, उजवीकडे ताई एकटी, समोर उघडा गोल. सरांची मूठ आवळली.

भिंगरीनं दिला. अलगद, ताईच्या पायात.

ताईनं आकाशात मारला.

बॉल भिंत ओलांडून डेपोत गेला. कुठल्यातरी बसच्या टपावर आपटल्याचा आवाज आला. लोक हसले, कोणीतरी शिट्टी मारली. ताई दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी. सरांच्या मुठीत माझी एक शिवण उसवली. भिंगरी ताईकडे चालत निघाली होती, भराभरा, आणि बाकावरची प्रत्येक मुलगी त्या बादलीचा विचार करत होती.

भिंगरीनं ताईचे हात तोंडावरून खाली ओढले. मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ताई, परत धाव! मी परत देते!"

एवढंच बोलून ती आपल्या जागी गेली.

ताई परत धावली. भिंगरीनं परत दिला. तोही काही धड बसला नाही, ताईच्या गुडघ्याला लागून वेडावाकडा उडाला, पण त्यांची गोलकीपर दुसरीकडे पडली होती आणि बॉल टप्पे खात खात रेषेपलीकडे गेला. बरोबरी! सरांनी मला हवेत उडवलं. मी काकूंच्या डोक्यावर पडले.

मॅच संपल्यावर मॅडम कप परत द्यायला आल्या. "फोनवर तुम्ही म्हणाला होतात, फार तापट आहे."

"आहेच," सर म्हणाले.

"मग आज?"

"आजही आहे. पण देते. आणि वाया गेला तर पुन्हा देते."

मॅडमनी भिंगरीकडे बघितलं. ती मैदानाच्या कडेच्या खुणेच्या टोप्या गोळा करत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पाहुणीही नव्हती ती त्या दिवशी. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी पाठवा. महिनाभर बघू. जमलं तर ठेवू."

निघायच्या दिवशी काकूंनी माझी उसवलेली शिवण घातली, दुहेरी दोऱ्यानं, आणि मला भिंगरीच्या पिशवीत कोंबलं.

"अहो काकू, संच मोडेल."

"ही कधी होती संचात?" काकू म्हणाल्या आणि नाक ओढत मोरीत गेल्या. नळ उगीचच सोडून ठेवला त्यांनी. ताई बस घेऊन दारातच उभी होती. प्रवाशांना म्हणाली, दोन मिनिटं थांबा, माझी बहीण निघालीय.

तर अशी मी इथे आले. महिनाभर बघणार आहेत आणि आजचा पहिला दिवस. इथल्या मुलींची आपापसांत वर्षानुवर्षांची ओळख आहे. आल्यापासून कोणी आमच्या पोरीशी दोन शब्द बोललेलं नाही. मघाशी तिच्या अंगावरून एकमेकींशी हसत पुढे गेल्या.

आली ती. तोंड पुसलंही नाही नीट. हात खुंटीकडे आला, आधी जांभळ्या बंडीवर थांबला, आणि मग मी.

मैदान केवढं आहे इथलं! भिंतच दिसत नाही कुठे. मॅडम मुलींच्या दोन बाजू पाडतायत. भिंगरीचा आवाज येतो, जरा कापरा, पण येतो. "मॅडम, मी पाहुणी होऊ का?"

"काय होऊ?"

ती समजावते. बॉल ज्यांच्याकडे, मी त्यांची. गोल मारणार नाही. मुली एकमेकींकडे बघतात. एक विचारते, "म्हणजे तू दोन्हीकडून खेळणार?" दुसरी माझ्या डागाकडे बोट दाखवून हसते. मॅडम खांदे उडवतात, "हो मग."

जायच्या आधी तुम्हाला एवढंच सांगते. एखाद्या गठ्ठ्यात एकच वेगळ्या रंगाची निघाली, तर ती लगेच परत पाठवू नका. पातेल्याखालीही ठेवू नका. कोणाच्या तरी अंगावर घालून बघा.

शिट्टी झाली. बॉल आमच्याकडे आलाय. एक पाय, दोन पाय. समोर एक उंच, अनोळखी मुलगी मोकळी आहे, तिनं हातसुद्धा वर केलेला नाही. भिंगरी तिला देते.

बॉल गेला.

बरगड्यांखालची शिवण ओली झालीय. पण पोरगी पाठ फिरवत नाही. तोंड बॉलकडे करून, पुढे वाकून, वाट बघत उभी आहे. मीही उभी आहे.

आला. परत आला.